धाकटीची सही

तिचं वय बावन्न होतं, चष्म्याचा नंबर दरवर्षी चढत होता आणि जिना चढताना गुडघे कुरकुर करत होते; तरी सगळा रस्ता तिला धाकटी म्हणायचा. थोरल्या भावाला लोक दादा म्हणत, म्हणून ही धाकटी झाली आणि झाली ती झालीच. शाळेतली पोरंसुद्धा काउंटरवर हनुवटी टेकवून "धाकटी मावशी, खोडरबर" असं मागायची. तिला त्याचं काही वाटत नसे. लग्न करायचं राहून गेलं होतं, मग राहूनच गेलं. दुकानाचं मात्र तसं झालं नाही. वडिलांनी ते दोघा भावंडांच्या नावावर केलं होतं आणि तीस वर्षं दोघांनी मिळून चालवलं होतं. दादा गल्ल्यावर, ही वजनकाट्यापाशी. वरच्या मजल्यावर तिघांचं घर: दादा, वहिनी आणि ती.

दुकान कोपऱ्यावरचं. पुढचं रुंद तोंड मोठ्या रस्त्याकडे आणि मागे बोळात उघडणारं एक अरुंद शटर, जिथून पोती उतरवून घ्यायची. आत पाऊल टाकलं की साबण, चहापत्ती आणि नवे झाडू यांचा मिळून एक वास यायचा. डोळे मिटून आणलं तरी धाकटीने दुकान ओळखलं असतं.

त्या वर्षी चौकात मोठं सुपरमार्केट उघडलं आणि सहा महिन्यांत दादाच्या कपाळावरच्या आठ्या कायमच्या मुक्कामाला आल्या. मग सरकारचा नवा नियम आला. किराणा दुकानांनाही परवाना काढून वाइन आणि बिअर विकता येईल, असा. सुपरमार्केटने पहिल्याच महिन्यात परवाना काढला. दुसऱ्या महिन्यात बिअर कंपनीचा माणूस दादाकडे आला. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. काचेच्या दाराचा उंच फ्रीज फुकट, वर दिव्यांची पाटी फुकट.

"तुम्ही फक्त दारालगतची भिंत द्यायची," तो म्हणाला. "आत येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडते."

"तिथे सध्या दूध आणि पाव आहेत," धाकटी म्हणाली.

"ते मागे न्या. ज्याला दूध हवंय तो मागेही येतो, मॅडम."

दादाला हे लगेच पटलं. आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही त्यात फारसं वावगं वाटलं नाही. दारूचं नाव काढताच कानांवर हात ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. वडील थंडीच्या दिवसांत घोटभर घ्यायचे आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून शटर वर करायचे. अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागत होत्या. दादाने आपली केली, पेन तिच्याकडे सरकवलं. तेवढ्यात एक बाई दोन किलो साखर मागायला आली, तिच्यामागे आणखी कुणी, आणि सही राहिली.

"उद्या करते," धाकटी म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

फळ्यांच्या कामासाठी दादाने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारा सुतार. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. दुकानातली निम्मी कपाटं त्याच्या हातची होती. रोज सकाळी कामावर जाताना तो दूध आणि पाव घ्यायचा. संध्याकाळी परतताना पुन्हा यायचा आणि काहीतरी किरकोळ न्यायचा, बहुतेक वेळा मीठ. एकट्या माणसाला एवढं मीठ कशाला लागतं, असं वहिनी एकदा हसून म्हणालीही होती.

मिस्त्रीने टेप लावून भिंत मोजली. "वजन किती पेलायला हवं?"

"बाटल्या ठेवायच्यात. मजबूतच कर," दादा म्हणाला. "दोन फळ्यांत अंतर किती लागेल ते एखादी बाटली आणून मोजून घे."

"मोजायला नको," मिस्त्री म्हणाला. "तेरा इंच पुरे." आकडे वहीत टिपले आणि गेला.

त्यानंतर दोन दिवस तो दुकानात फिरकला नाही. ना सकाळी, ना संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आला. दादा जेवायला वर गेला होता. तीच वेळ त्याने साधली असावी.

"ताई, ते फळ्यांचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

"का हो? हातात फार कामं आहेत का?"

"हो," तो म्हणाला. मग पायांकडे बघत म्हणाला, "नाही. खोटं कशाला बोलू?"

धाकटी काटा पुसत होती. तिने फडकं बाजूला ठेवलं.

"सहा वर्षं आणि चार महिने झाले," मिस्त्री म्हणाला. "थेंब नाही. त्याआधी मी इकडे राहत नव्हतो, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. बायको मुलीला घेऊन निघून गेली ती तेव्हाच. दादा म्हणाले ना, बाटली आणून मोज? मला मोजावी लागत नाही, ताई. हाताला माहीत आहे."

धाकटीने स्टूल पुढे सरकवलं, पण तो बसला नाही.

"दारूच्या दुकानांचं माझं काही म्हणणं नाही. ती कुठे कुठे आहेत ते मला पाठ आहे. इथून माझं घर पाच मिनिटांवर, मी वळसा घालून पंचवीस मिनिटांत जातो. झालं. तिथे जायचं तर माणसाला ठरवून जावं लागतं. आणि ठरवेस्तोवर वेळ मिळतो, मन ताळ्यावर येतं. पण दुधाला आलो आणि बाटली हाताशीच असली, तर ठरवायचं काही उरतच नाही. आणि संध्याकाळचा तो एक तास फार वाईट जातो. कुठेतरी दिवा असावा, माणसं असावीत, म्हणून मी इथे येतो आणि मीठ घेतो. घरी अकरा पुडे पडलेत."

धाकटीला हसू आलं.

"म्हणजे आम्ही परवाना काढू नये, असं म्हणताय?"

"छे छे! दुकान तुमचं आहे. मी फक्त विचारायला आलो, सुरू कधी करताय? त्या दिवसापासून मी दूध दुसरीकडून आणीन."

"दुसरीकडून म्हणजे कुठून?"

सुपरमार्केटमध्ये बाटल्या दारातच मांडलेल्या होत्या. पुलाजवळच्या किराणावाल्यानेही अर्ज केला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तेच शोधतोय," मिस्त्री म्हणाला. जाता जाता वळला. "ताई, हे तुमच्यापाशीच राहू द्या. लोक मला रिकाम्या घरांच्या किल्ल्या देऊन कामाला जातात. हे कळलं तर देणार नाहीत."

"राहील," धाकटी म्हणाली.

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर दादाने अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला. "चल, कर सही."

"नाही करणार."

दादाला वाटलं, थट्टा करते आहे. "पेन सापडत नाही का?"

"पेन आहे. सही करणार नाही, दादा."

"का पण? परवापर्यंत तर तयार होतीस."

"कारण आहे. पण ते सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही म्हणजे?" दादाचा आवाज चढला. "इथे रोज दोन-दोन गिऱ्हाइकं त्या सुपरमार्केटच्या घशात चाललीत आणि तू मला कोडी घालतेस? आपण काड्यापेट्या विकतो. उद्या कुणी त्या काडीने घर पेटवलं, तर काय आपण पेटवलं? साखर विकतो. अर्धा रस्ता मधुमेहाच्या गोळ्या खातो. त्यांना साखर द्यायची बंद करतेस का?"

"नाही."

"मग? आपण नाही विकली तर लोक प्यायचे थांबणार आहेत?"

"नाही थांबणार."

"मग तुझं म्हणणं तरी काय आहे?"

दादाचं सगळं बरोबर होतं. तिच्याकडे होतं एकच माणूस आणि त्याचं नाव घ्यायची तिला मुभा नव्हती. तिने ताट उचललं. "माझं म्हणणं एवढंच, की या दुकानात बाटली येणार नाही. निदान माझ्या सहीने तरी नाही."

पुढचे नऊ दिवस बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. चार पावलांवर उभे राहून दोघं वहिनीमार्फत बोलत. "वहिनी, दादाला सांगा, तांदळाचं पोतं संपत आलंय." वहिनी दादाकडे वळून, "अहो, तांदळाचं पोतं संपत आलंय." दादा छताकडे बघत, "तिला सांग, मला डोळे आहेत." वहिनीने तीन दिवस हे निमूटपणे केलं. चौथ्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, अहो, मी काय टेलिफोन आहे? आता एक निरोप द्यायचा असेल तर मला एक चॉकलेट द्यायचं." आणि खरंच बरणीतून एक काढून तिने तोंडात टाकलं. तरी दोघं हसली नाहीत. इतकं ते ताणलं होतं.

या दिवसांत धाकटीच्या हातून एक चूक झाली. आपण गप्प बसून अडवणूक करतोय, असं तिला वाटायला लागलं होतं. काहीतरी उघड, ठाम करायला हवं. एका सकाळी तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'या दुकानात दारू मिळत नाही आणि मिळणार नाही', आणि पुठ्ठा दारावर टांगला. दादाने तो पाहिला आणि दातओठ खाल्ले.

दुपारी सिस्टर आली. ही जवळच्या दवाखान्यातली नर्स, दहा वर्षांचं गिऱ्हाईक. पाटी वाचून ती दारातच थांबली.

"हे कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी," धाकटी म्हणाली.

"म्हणजे माझ्यासाठीपण." सिस्टर आत आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "ऐका. महिन्यातून दोनदा मी वाइनची एक बाटली घेते. दिवसभर माणसांची दुखणी उपसून घरी जाते, पाय वर करून एक पेला पिते आणि झोपते. त्या एका बाटलीसाठी मला स्टेशनमागच्या दुकानात जावं लागतं. लोखंडी जाळी, त्यातून हात घालायचा आणि भोवती चार जण, बाई आली म्हणून टक लावून बघणारे. मला वाटलं होतं, तुमच्याकडे मिळायला लागली की साबणाबरोबर, भाजीबरोबर घेऊन जाईन. मान वर करून. आणि तुम्ही तर दारावरच मला दम भरलात."

"दम नव्हता गं द्यायचा."

"वाचून तरी तसंच वाटतं," सिस्टर म्हणाली, दूध घेतलं आणि गेली.

संध्याकाळी मिस्त्री आला तो पाटीकडे बघत पायरीवरच घुटमळला. दुकानात दोन-तीन जण होते. ते जाईपर्यंत तो बिस्किटांचे पुडे उलटेपालटे करत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, ती पाटी काढा. आता जो इथे येईल त्याच्याकडे लोक संशयाने बघतील. याला हेच दुकान का लागतं म्हणून. मला साधं दुकान हवं होतं. नुसतं दुकान."

धाकटीने त्याच्यासमोरच पाटी उतरवली. चार तुकडे केले. तिला स्वतःचा राग आला होता, पण त्या रागाने तिचा निश्चय पातळ झाला नाही, उलट नेमका झाला. लोकांनी प्यावं की पिऊ नये, हे सांगणारी ती कोण? सिस्टरला चांगल्या उजेडात, मानाने बाटली मिळावी, यात काय चूक होतं? आणि मिस्त्रीला बाटली न दिसता दूध मिळावं, यात तरी काय? दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर मांडता येत नव्हत्या, एवढंच.

दहाव्या दिवशी दादानेच तोंड उघडलं, तेही तोडायच्या भाषेत. "हे असं नाही चालायचं. एक तर सही कर, नाहीतर वाटणी कर. मधोमध भिंत घालू. माझ्या निम्म्यात मी काय ठेवायचं ते मी बघीन."

त्याला वाटलं होतं, वाटणीचं नाव काढलं की ती वरमेल. वडिलांचं दुकान, तीस वर्षं, वगैरे. वहिनीनेही हातातलं काम टाकलं आणि नणंदेकडे बघत राहिली.

"भिंत घालू," धाकटी म्हणाली. "पुढची बाजू तू घे. मला मागची दे."

"मागची?" दादा चपापला. "बोळातली? तिथे तर पोती उतरतात! कुत्रं फिरकत नाही तिथे."

"फिरकेल. तुझा परवाना मोठ्या रस्त्याकडच्या दाराला शोभेल. स्वच्छ उजेड ठेव, जाळी लावू नकोस, बायामाणसांशी नीट वाग. दूध, पाव आणि रोजचा किराणा माझ्याकडे."

"अगं, मला तुला हाकलायचं नाहीये."

"मला ठाऊक आहे, दादा. मी हाकललेली नाहीच. मी माझी बाजू निवडली."

कागदपत्रांना महिना गेला. वाटणीच्या कागदावर धाकटीने एका दमात सही केली. दादाने मात्र आधी कागद दोनदा वाचला. मग गवंडी आला. विटांचा थर कमरेपर्यंत आला तेव्हा दादा म्हणाला, "मध्ये एक लहानशी खिडकी ठेवू. सुट्टे पैसे द्यायला-घ्यायला बरं पडेल."

"खिडकी नाही."

"अहो वन्सं, एवढीशी?" वहिनीने बोटांनी चौकोन करून दाखवला.

"एवढीशीसुद्धा नाही. छतापर्यंत भिंत. तुम्हाला मी हवी असले तर वळसा घालून या."

भिंत झाली. नव्या प्लास्टरच्या वासाने आठवडाभर साबणाचा वासही येईना. बोळातली जागा अरुंद होती, काउंटरच्या आत उभं राहिलं की पाठ कपाटाला टेकायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक पत्ता विचारायला. धाकटीने रडगाणं गायलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने साडेपाचला शटर वर करायला सुरुवात केली. बोळाच्या टोकाला कारखान्याच्या पहिल्या पाळीची बस थांबायची आणि त्या वेळी सुपरमार्केट झोपलेलं असायचं. पाळीवाल्यांना चहापत्ती, पाव, ब्लेड, काहीही हवं असे, आणि ते सगळं घाईत हवं असे. बस दिसायच्या आत ती माल हातात ठेवायची. दुपारी वहिनीला काउंटरवर बसवून ती वही घेऊन बाहेर पडायची. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं, ज्यांना मोठ्या दुकानाच्या लांबलचक रांगा झेपत नव्हत्या, त्यांच्या दारात जाऊन यादी लिहून घ्यायची. गुडघे बोंबलायचे. तिने मनगटाएवढी जाड काठी घेतली आणि जिने चढत राहिली.

दादाचा धंदाही चालला. त्याने धाकटीचं ऐकलं होतं. दिवे लख्ख, जाळी नाही, आत उभं राहून कुणी पिणार नाही याची सक्त ताकीद. सिस्टर महिन्यातून दोनदा तिथून बाटली घ्यायची आणि मग वळसा घालून बोळात साबणाला यायची. पहिल्या वेळी जरा अवघडली. धाकटीने तिच्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "जड आहे? काउंटरवर ठेव जरा... नको, खालीच ठेव बाई, आत. आणि मला सांग, गुडघ्याला काय लावू?" सिस्टरने पिशवी काउंटरखाली ठेवली आणि दहा मिनिटं तिचे गुडघे तपासले.

मिस्त्री मात्र पहिले पाच दिवस आला नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी त्या बसच्या गर्दीत तो दिसला. दूध आणि पाव घेतले. संध्याकाळी पुन्हा आला, कपाटांकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "ही फळी बाक खाते आहे. कुणी बसवली?"

"तुमच्याऐवजी जो मिळाला त्याने."

"उद्या करून देतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी खरंच हत्यारं घेऊन आला आणि संध्याकाळचा तो अख्खा तास फळी सरळ करत बसला. मग रोज काही ना काही निघू लागलं. खणाची कडी, काउंटरची कड, काट्याखालचा पाट. धाकटीनेही शोधून शोधून कामं काढून ठेवली. मिठाचा विषय कुणी काढला नाही.

तीन महिने झाले होते. एके दिवशी दुपारी मालाची गाडी बोळात आली आणि हमाल आलाच नाही. गाडीवाला घाई करत होता. धाकटी पदर खोचून पोत्याला हात घालणार, तेवढ्यात बोळाच्या तोंडातून दादा येताना दिसला. वळसा घालून, हातात काही नाही, नुसताच. भिंत झाल्यापासून तो या बाजूला पहिल्यांदाच येत होता. वर जेवताना दोघं बोलायला लागली होती, पण दुकानाचा विषय टाळून.

तो आत आला, जागा पाहिली, सरळ फळ्या पाहिल्या. मिस्त्रीची टेप काउंटरवर राहून गेली होती. दादाने ती उचलली, जरा वेळ हातात धरली आणि होती तिथे ठेवली.

"धाकटे," तो म्हणाला, "खरं सांग. कुणासाठी केलंस हे?"

"गिऱ्हाइकासाठी."

"कोण गिऱ्हाईक?"

"माझं."

दादाला कळलं असेल किंवा नसेल, तिने त्याच्या चेहऱ्यावर ते शोधलं नाही. शब्द दिला होता तो दिला होता. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

"सरक," दादा म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या, तांदळाचं पोतं पाठीवर घेतलं आणि वाकत वाकत आत आला. "कुठे ठेवू?"

"डावीकडे. भिंतीला लावून नको, प्लास्टर अजून ओल धरतंय."

"तुझी भिंत, तुझं प्लास्टर," दादा धापा टाकत पुटपुटला आणि दुसरं पोतं आणायला गेला.